साक्षीदाराचा पत्ता

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे इस्त्रीबाईच म्हणत. कुणी गोड बोलू लागलं की याला आपल्याकडून काय हवंय, हे त्या आधी बघत. त्यामुळे बेघर कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी दुसऱ्यांदा बिस्किटं पुढे केली, तेव्हा त्या खुर्चीत मागे सरकल्या.

"तुम्ही फक्त खरं बोलायचं," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर महाग पडतं."

कायद्याच्या लेखी उघड्यावर झोपणारा तेवढा बेघर. नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपणारा पाहुणा, आणि पाहुण्याला सरकारी घर मिळत नाही. ही व्याख्या बदलावी म्हणून संस्थेला सरकारी समितीपुढे एक अस्सल पाहुणी उभी करायची होती. इस्त्रीबाई दोन मुलांसह वर्षभर बहिणीच्या हॉलमध्ये पाहुण्या होत्या. भावोजी हल्ली टीव्हीकडे बघतच विचारत, "मग, पुढचं काय ठरलं?"

"मुलांना घर नाही म्हटलं आणि बालकल्याणवाल्यांनी मुलंच उचलून नेली तर?"

"अहो, असं कोण करतं?"

"लाँड्रीतल्या एकीची नेली."

मॅडमनी विषय कपड्यांवर नेला. फार चांगले नकोत, फार वाईटही नकोत. मग तालीम झाली. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, सगळं पाठ. इस्त्रीबाईंना यातलं काहीच पटत नव्हतं. पण भावोजींनी हॉलला रंग द्यायचं काढलं होतं.

समितीपुढे त्या उभ्या राहिल्या, तर पहिल्याच रांगेत बालकल्याण अधिकारी फाइल घेऊन बसलेले. कारकून म्हणाला, "नाव आणि राहण्याचा पत्ता सांगा. त्याशिवाय साक्ष नोंदवता येत नाही."

तालमीत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. संस्थेत सगळ्यांनाच पत्ता होता.

बहिणीचा पत्ता द्यावा, तर तिच्या घरमालकाला हॉलमधली तीन जास्तीची माणसं कळणार आणि बहीणही रस्त्यावर येणार. पत्ता नाही म्हणावं, तर समोर फाइलवाले.

"आपल्या ऑफिसचा सांगा," मॅडम मागून कुजबुजल्या. "आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांची पत्रं तिथेच येतात."

हिचं काय जातंय, असं मनात म्हणत इस्त्रीबाईंनी तो सांगितला. पुढचं त्या फार छान बोलल्या. आवंढा तर तालीम न आठवताच गिळला गेला.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "फारच वाईट वाटलं हो. पण तुम्ही तर भर बाजारपेठेत राहता! मग नातेवाइकांचा प्रश्न आला कुठे?"

अधिकाऱ्यांनी पत्ता उतरवून घेतला. "उद्या सकाळी येतो. मुलं कुठे झोपतात, नुसतं बघून जाईन."

लाँड्रीतल्या तिच्याकडेही आधी कुणीतरी नुसतं बघूनच गेलं होतं.

बाहेर आल्यावर मॅडमनी फोन काढला. "घाबरू नका. मी त्यांना समजावून सांगते."

"काय सांगणार? मी समितीपुढे खोटं बोलले म्हणून? मग सांगायला कुणी लावलं, तेही सांगा."

मॅडमनी फोन पर्समध्ये ठेवला.

ऑफिस सुटायच्या सुमारास इस्त्रीबाई दोन मुलं, पिशव्या आणि गुंडाळलेली गादी घेऊन दारात हजर. मीटिंगचं टेबल भिंतीला सरकवून गादी पसरली. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये एक गोंडस कुटुंब हसत होतं. मुलीने त्यांच्याकडे बघून विचारलं, "आई, हे कुणाचं घर गं?"

"सरकारदरबारी आपलं. उद्या साहेबांनी विचारलं तर तेच सांगायचं."

"आजच्यापुरतं हं," मॅडम म्हणाल्या.

"आणि ते परवा परत आले तर?"

मॅडमनी थोडा विचार करून किल्ली काढून दिली. मग कपाटाला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि प्रोजेक्टर काखोटीला मारला. "दुरुस्तीला द्यायचाय."

"हो का? न्या की."

मॅडम जिना उतरल्या. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असणारच. इस्त्रीबाईंनी मुलाला हाक मारली आणि दोघांनी मिळून मीटिंगचं टेबल दाराला लावलं.