दंतवैद्याची जोडीची लढत

पोट सुटलं म्हणून दंतवैद्याने कराटेचा क्लास लावला आणि महिन्याभरात तो घरादाराला शहाणपण शिकवू लागला. दोरीवरच्या उड्यांनी दम वाढतो, बॅगेवरच्या ठोशांनी मनगट बनतं, हवेतल्या लाथांनी तोल येतो. जेवताना ताटाशेजारी एकेका व्यायामाची महती वाढली जाई. बायको म्हणे, "आधी भात खा, मग लाथा मारा."

सगळ्यांत लाडका व्यायाम म्हणजे घोडाबैठक. पाय फाकवून, गुडघे वाकवून, नसलेल्या घोड्यावर बसायचं आणि हलायचं नाही. ही तो दवाखान्यातही करी. खुर्चीत पेशंट आ वासून पडलेला आणि शेजारी डॉक्टर घोड्यावर स्वार! "मांड्या लोखंडाच्या होतात, बरं का," तो मशीन चालवता चालवता सांगे. पेशंटची जीभ बधिर. विरोध कोण करणार?

क्लासच्या बाई मात्र कमी बोलणाऱ्या. एकदा म्हणाल्या, "बॅगेला छान मारता. पण बॅग उलटून मारत नाही."

जोडीचा सराव निघाला की दंतवैद्याची कंबर धरायची, नाहीतर नेमका फोन यायचा. पण पट्ट्याच्या परीक्षेत लढत चुकवायची सोय नव्हती. समोर उभा राहिला सकाळच्या तुकडीतला बेकरीवाला. रोज पिठाचे डोंगर मळणारे हात. नशिबाची थट्टा म्हणजे हा दंतवैद्याचाच पेशंट. त्याच्या दाढेचं काम अजून अर्धवट होतं.

"डॉक्टर, तुम्ही?" म्हणत बेकरीवाल्याने नकळत गालावर हात ठेवला.

लढत सुरू झाली. पहिला ठोसा कानाजवळून गेला आणि दंतवैद्याचा घोडा बसल्या जागी उधळला. उड्या, लाथा, ठोसे, सगळं पाठांतर कुठल्या कुठे. दुसरा ठोसा येताना दिसला तेव्हा घाबरून तोंडातून रोजचंच वाक्य निघालं, "जरासं दुखेल हं, हलू नका!"

बेकरीवाला जागच्या जागी थिजला. डोळे मिटले, मुठी मांड्यांना चिकटल्या आणि तोंड उघडलं. दंतवैद्याची लाथ कशीबशी त्याच्या बरगडीला टेकली. बाईंनी कपाळाला आठ्या घालत गुण दिला. पट्टा मिळाला.

मग काय, दवाखान्यात येईल त्याला विजयगाथा. "सगळी घोडाबैठकीची करामत!" दाढ पुरी करायला आलेल्या बेकरीवाल्यालाही त्याने तीच ऐकवली, तीही त्याचं तोंड उघडं असताना. बेकरीवाल्याने शांतपणे चूळ भरली. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डॉक्टर, परत एकदा खेळू या का?"

बाहेरची सगळी डोकी आत वळली. नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

रविवारी बेकरीवाला कानांत कापूस कोंबून आला. दंतवैद्य म्हणाला, "जरासं दुखेल हं." मग ओरडून म्हणाला. पुढच्या क्षणी तो मॅटवर उताणा होता आणि छताचा पंखा उलटा फिरत होता.

"लागलं का?" बाईंनी विचारलं.

लागलं होतंच. ओठ सुजला होता, बरगडी ठणकत होती. पण ज्याच्या भीतीने इतके दिवस कंबर धरत होती, ते एवढंच? दंतवैद्याला स्वतःचाच राग आला. तो कोपरावर रेटा देत उठला, पट्टा सारखा केला आणि म्हणाला, "पुन्हा."

बेकरीवाल्याला ऐकू आलं नाही. दंतवैद्याने हाताने खूण केली. त्या सकाळी तो आणखी दोनदा पडला. एकदा मात्र बेकरीवाल्याचाही पाय सरकला, आणि बाई पहिल्यांदाच हसल्या.

घरी बायकोने वाढता वाढता सवयीने विचारलं, "मग, आज कोणता व्यायाम?"

"मार खाल्ला," दंतवैद्य सुजल्या ओठाने म्हणाला आणि खाली मान घालून जेवू लागला.

बायको भाताचं पातेलं हातात धरून बघतच राहिली. इतकं शांत जेवण त्या घरात कित्येक दिवसांत झालं नव्हतं.