फोटोतली पोरगी

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. कॅमेऱ्याची न्हाय, आमच्या मालकांची न्हाय, आणि शिवानीची तर अजिबात न्हाय. आता तुम्ही म्हणाल, मीनाबाई, चूक तुझी तर गप बस की, गावभर कशाला सांगत सुटलीस? पण सांगितल्याबिगर मला चैन पडत न्हाय.

दोन हजार सहा सालची गोष्ट. आम्ही कबनूरचे. मालकांचं नाव गणपती, पण मी मालकच म्हणते. ते यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. थोरला प्रसेनजीत पुण्यात नोकरीला. धाकटी शिवानी कोल्हापुरात एका दवाखान्यात नर्स, रोज सकाळी एसटीनं जायची आणि संध्याकाळी यायची. पोरगी हुशार, कामाला वाघ. तोंडानं फटकळ, ते माझ्यावरनं गेलंय. रंगानं काळी, तेही माझ्यावरनंच.

त्या साली हुपरीचं, त्या चांदीच्या दागिन्यांच्या गावचं, एक स्थळ आलतं. आधी फोटो पाठवलेला, एका स्टुडिओत काढलेला. त्या स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर चेहरा असा काय उजळ केलता की सांगायची सोय न्हाय. पावणं आलं, पोहे झाले, चहा झाला. आणि मुलाच्या आत्यानं पिशवीतनं तो फोटो काढला, शिवानीच्या तोंडाशेजारी धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पावणं, ही फोटोतली पोरगी कुठं हाय?"

शिवानीनं कपबश्या गोळा केल्या आणि आत गेली. पावणं गेल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "आई, लग्नाला माझी ना न्हाय. पण ह्यापुढं माझा फोटो काढायचा न्हाय आणि कुणाला द्यायचा न्हाय."

आता झाली का पंचाईत! कोल्हापुरात बौद्ध समाजाचा वधू-वर मेळावा महिन्यावर आलता. मेळाव्याची पुस्तिका निघते, तीत प्रत्येकाचा फोटो आणि माहिती. फोटो न्हाय तर नाव न्हाय. गेल्या साली आमच्या जावेच्या पोरीचं त्या पुस्तिकेतनंच जमलं. मी समजावलं, रागावले, एक दिवस जेवले न्हाय. पोरगी ढिम्म.

मालक तेवढ्यात एकच बोललं, "मी काढतो फोटो."

त्याला कारण होतं. प्रसेनजीतनं पुण्यासनं एक डिजिटल कॅमेरा पाठवलता, मुठीत मावंल एवढा. फिल्म नको, काही नको, काढला की लगेच मागच्या काचेवर दिसतोय. मालकांना यंत्र म्हटलं की जीव की प्राण. कॅमेऱ्यासंगं आलेलं पुस्तक इंग्रजीत, मालक सातवी पास. पण ते मागाचं काय, मोटारसायकलचं काय, पुस्तक न वाचताच खोलतात. एकेक बटण दाबायचं आणि काय होतंय बघायचं.

आणि बघायचं कुणावर? माझ्यावर! मी भाकरी थापत बसले होते. हातभर अंतरावरनं फ्लॅश मारला की हो माझ्या तोंडावर. दोन मिनिटं मला तवा दिसंना. फोटोत बघितलं तर माझं नाक, कपाळ, गाल सगळं पांढरंफटक, डोळे लालभडक, आणि मागची चूल, भांडी, भिंत सगळं काळंकुट्ट.

"अवो, मी जिवंत हाय का मेली?" मी म्हटलं.

"फ्लॅश जवळ झाला," मालक म्हणालं. मग फ्लॅश बंद करून काढला. त्यात मला चार हात आले.

"आता तुझाच हात हलला, गं."

"भाकरी थापताना हात हलणार न्हाय तर काय पाय हलणार?"

आठ दिवस हेच. शेवटी मालकांच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि खरं सांगते, मलाबी ती लई आवडली. स्टुडिओत मागं पडदा असतोय का न्हाय? मग आपल्याकडं कापडाला काय तोटा! मालक कामाला जात त्या मागांवर विणलेलं, धुलाई होऊन आलेलं पांढरंशुभ्र कापड घरात होतं. मी त्याला नीळ दिली, कडक इस्त्री केली, आणि आम्ही दोघांनी मिळून ते भिंतभर टांगलं. घर कसं झगझगीत दिसाय लागलं. कबनूरच्या कापडापुढं पोरगी बसली की फोटो उठून दिसणार, असं आम्हाला वाटलं. कापडावर जगणारी माणसं आम्ही, दुसरं काय सुचणार!

शिवानीला मालकांनी गोडीगुलाबीनं बसवलं. "फोटो कुणाला देत न्हाय, बाळ. मला शिकायला माणूस पायजे, तुझी आई शिव्या देती." बापाला ती न्हाय म्हणत नाही. बसली.

काढला फोटो. मालकांनी काच बघितली आणि त्यांचं तोंडच उतरलं. एवढं पांढरंशुभ्र कापड, ते धुळीच्या फडक्यागत राखाडी आलतं, आणि त्याच्यापुढं शिवानी म्हणजे नुसता काळा आकार. नाक कुठं, डोळे कुठं, पत्ता न्हाय. ते लपवायला लागलं, पण तिनं कॅमेरा हातातनं घेतला.

"आप्पा," ती हसून म्हणाली, "दात तेवढे ब्येस आलेत."

ते हसणं मला बघवलं न्हाय. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मी मालकांवर ओरडले, "फेका ते डबडं! पोरीची पार इज्जत घालवली तुम्ही." मालक कापडाखाली गुडघे धरून बसून राहिलं. पुस्तिकेला फोटो द्यायला चार दिवस उरलते.

दुसऱ्या दिवशी मालक कॅमेरा घेऊन कोल्हापूरला निघालं, तशी मीबी पिशवी घेऊन निघाले. स्टँडजवळ नबीलालचं फोटोचं दुकान. नबीलाल म्हणजे मालकांचा शाळेपासूनचा दोस्त, तीस वर्षं लग्नाचे फोटो काढलेला माणूस. त्यानं तो फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"गणपा, हे एवढं पांढरं मागं कुणी टांगलं रे?"

"आम्ही दोघांनी," मालक म्हणालं.

"शाबास! अरे, कॅमेऱ्याला अक्कल नसती. त्याला वाटतंय, जगात सगळं मध्यम असतंय, ना लई काळं ना लई पांढरं. तू त्याच्यापुढं एवढं पांढरं धरलंस, तो घाबरला. म्हणाला, बाबो, केवढा हा उजेड, कमी करा! केला कमी. कापड झालं राखाडी आणि पोरगी झाली कोळसा."

"मग करायचं काय?"

"त्याला धीर द्यायचा." नबीलालनं कॅमेऱ्यात एक खूण दाखवली, अधिक आणि वजा. "अधिककडं नेलं की तो उजेड वाढवतो. एक घर, दोन घरं, बघून ठरवायचं. आणि फ्लॅश म्हणजे तिखट. कोल्हापूरचा असलास तरी मूठभर घालू नकोस. सकाळी दाराच्या उजेडात बसव, फ्लॅशवर मलमलीची घडी धर आणि जरा लांबनं मार. डोळ्याखालची सावली तेवढी जाईल. ते कापड मागं नको, तिच्यापुढं खाली अंथर. उजेड त्याच्यावरनं उसळून तोंडावर येतोय."

मालक शाळेतल्या पोरागत मान हलवत होतं. मग नबीलाल माझ्याकडं वळला. "वैनी, हुपरीचं गणपानं मला सांगितलं. तो पहिला फोटो उजळ कुणी करायला लावला?"

मी आधी स्टुडिओवाल्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं. पण नबीलाल माझ्याकडं असा सरळ बघत होता, की मला खोटं बोलवलं न्हाय.

"मीच सांगितलतं," मी म्हटलं. "म्हटलं, जरा उजळ करा. त्यानं केला, तर म्हटलं, आणखी जरा करा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना हे म्हाईत नव्हतं.

"मग पोरगी फोटोवर रागावलेली न्हाय, वैनी," नबीलाल म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

एसटीत मालक माझ्या शेजारी न बसता पुढं जाऊन बसलं. मीच रात्रीची वाट न बघता शिवानी कामावरनं आल्या आल्या तिच्या पुढ्यात जाऊन बसले. ती पाय धुऊन केस सोडत होती.

"शिवा, तो स्टुडिओतला फोटो मीच उजळ करायला लावलता. चुकलं माझं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं म्हाईत?"

"त्या बाईनं इचारलं, फोटोतली पोरगी कुठं हाय, तवा सगळे माझ्याकडं बघत होते. तू एकटी फोटोकडं बघत होतीस."

आई असून मी हे केलं. ती तान्ही असताना मी तिला डाळीचं पीठ नि साय लावून घासायची, ती रडायची, तरी घासायची. मलाबी माझ्या आईनं असंच घासलतं. मी तिचे केस हातात घेतले आणि तेल लावाय लागले, तिनं लावू दिलं. तेल लावून झाल्यावर म्हणाली, "सकाळी आठला बसते. साडेआठची गाडी चुकायला नको. आणि युनिफॉर्मवरच बसणार, साडीबिडी नेसणार न्हाय."

सकाळी मालक सहापासनं दारात. खुर्ची इकडं सरकव, तिकडं सरकव. कापड तिच्यापुढं जमिनीवर अंथरलं, त्याची पुढची कड मी दोन्ही हातांनी उचलून धरली. नर्सचा पांढरा युनिफॉर्म, केस घट्ट बांधलेले, कानात हुपरीच्या चांदीच्या बाळ्या. मालकांनी मलमलीची घडी बोटानं फ्लॅशवर धरली. घडी दोनदा भिंगापुढं आली, एकदा बोटच आलं. "आप्पा, पेशंटला सुई टोचायला मला एवढा वेळ लागत न्हाय," शिवानी म्हणाली आणि स्वतःच हसली. तेवढ्यात मालकांनी तीन फोटो काढले. एक साधा, एक अधिक एकवर, एक अधिक दोनवर.

मग ते माझ्याकडं आलं. "बघ," म्हणालं, "कुठला द्यायचा, तू सांग."

पहिला अंधारलेला, तो बाद. दुसऱ्यात शिवानी होती. काळी, तेलपाणी केलेल्या कातळासारखी तुकतुकीत. पापणीचा केस न् केस दिसत होता, हनुवटीवरचा लहानपणीचा वण दिसत होता, हसू डोळ्यांत पोचलेलं. तिसऱ्यात युनिफॉर्मच्या चुण्या उजेडात पार पुसून गेल्या होत्या, वण दिसत नव्हता, आणि चेहरा गव्हाळ झालता. कॉम्प्युटर नको, स्टुडिओवाला नको. ह्याला खोटं कोण म्हणणार होतं? कॅमेऱ्यानंच काढलेला.

लाज वाटती सांगायला, पण मी तिसऱ्यावर थांबले. जरा जास्तच थांबले. मान वर केली तर शिवानी फोटोकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. एसटीची वेळ होत आलेली आणि दोघं माझ्यासाठी थांबलेले.

"हा तिसरा पुसून टाका," मी म्हटलं. "कापडाच्या चुण्या दिसंनात त्यात. मधला द्या. मधली माझी पोरगी हाय."

मालकांनी माझ्यासमोर तो पुसला. पुस्तिकेचा फॉर्म मी कधीचा भरून ठेवलता, कपाटावरनं शिवानीनं तो खाली घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची, सगळं माझ्या अक्षरात. रंगाच्या पुढं मी 'गव्हाळ' लिहिलतं. तिनं मालकांच्या खिशातलं पेन काढलं, त्या शब्दावर आडवी रेघ मारली, आणि वर लिहून फॉर्म माझ्या हातात दिला. "आज कोल्हापुरात देऊन टाका," म्हणाली आणि गाडीसाठी पळत सुटली.

मी वाचलं. रंग: आईचा.

मी तिथंच दारात त्या पांढऱ्या कापडावर बसून हमसून हमसून रडले. मालक म्हणालं, "अगं, पण असं लिहिल्यावर पावण्यांना काय कळणार?"

"न कळायला काय झालं?" मी डोळे पुसत म्हटलं. "आईचा रंग कसा हाय ते बघायचं असंल तर घरी यावं म्हणावं. मी दारातच उभी राहते."