भाकरीसाठी थर्मोस्टॅट

सिद्धेश्वरीला राग आला होता तो नवऱ्याचा. पण नवरा समोर नव्हता आणि हीटर होता, म्हणून ती त्याच्यावरच खेकसली, "पेट की रे मुडद्या!"

हीटर ढिम्म.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गॅरेजात गाडी उभी राहायची बंद झाली होती. गाडी बाहेर रस्त्यावर भिजायची आणि गॅरेजात जाळ्यांवर ज्वारीच्या पातळ भाकरी वाळायच्या. एरवी गच्चीवरच्या उन्हात त्या अशा कडक होत की हात लावताच मोडाव्यात. पण यंदा श्रावणात ऊनच पडेना. पुण्याच्या दुकानदाराला पाठवलेला पहिला नमुना वाटेतच वातड झाला. "मावशी, अजून एकदा बघू, नाहीतर राहू द्या," असं त्याने सांगून टाकलं होतं. दुसरा नमुना आज संध्याकाळच्या बसने जायचा होता. तो पसंत पडला तर जन्मात पहिल्यांदा कशावर तरी तिच्या नावाचं लेबल लागणार होतं.

नुसता हीटर लावला की ती पीठ मळायला आत जाईपर्यंत भाकरीच्या कडा करपायच्या. म्हणून थर्मोस्टॅट हवा होता. ठरवल्यापेक्षा गार झालं की हीटर चालू, गरम झालं की बंद. नवरा-बायको भवानी पेठेतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले होते, तेव्हा तिथल्या दुकानदाराने एक काळा, बसका, सत्तरपर्यंत आकडे असलेला थर्मोस्टॅट काढला.

"ह्योच बराय की," सिद्धेश्वरी म्हणाली.

बँकेतून निवृत्त झालेल्या विरुपाक्षने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तो उलटासुलटा करून परत ठेवला. "हा भट्टीचा दिसतोय. आपल्याला गॅरेज हीटरचा पाहिजे."

त्याने मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला होता. बाहेर गुडघाभर बर्फ, आत गॅरेजात तो नुसत्या बनियनवर. तस्साच थर्मोस्टॅट त्याने ऑनलाइन मागवला, हीटरची पिन कापून वायर त्यातच जोडली, आणि आज सकाळी कळलं की त्याचा आकडा तीसच्या वर जातच नाही. पत्र्याखालचं गॅरेज तर भर पावसातही तेहतीस. त्या यंत्राच्या हिशेबाने गॅरेज आधीच गरम होतं, मग हीटर कशाला लावायचा?

"अहो, चाळीस करा की!"

"होत नाही. त्यांच्याकडे तेवढं पुरतं."

"त्यांच्याकडं भाकरी वाळवत्यात का?"

"कंपनीला तक्रार टाकतो," म्हणून तो आत जाऊन बसला होता.

सिद्धेश्वरीला रडू यायला लागलं. मिक्सर त्याने निवडला, गाडी त्याने, पडद्यांचा रंगसुद्धा त्याने. भाकरी तेवढी तिची होती, आणि तिच्यातही याने हात घातलाच! तिने त्या पांढऱ्याशुभ्र डबीकडे जळजळीत नजरेने पाहिलं. डबीतून एक बारीक वायर लोंबत होती. हवा किती गरम आहे ते ओळखणारा मणी तिच्या टोकाला होता. थंडी पाहिजे काय तुला? थांब.

फ्रीजमधला बर्फ तिने स्टीलच्या पेल्यात ओतला, मणी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि आत बुडवला. थोड्या वेळाने खट्ट झालं आणि हीटर लाल झाला.

मग दुपारभर ती पाट टाकून तिथेच बसली. गॅरेज फार तापलं की मणी बाहेर काढायचा, जरा निवलं की परत बुडवायचा, बर्फ वितळला की स्वयंपाकघरात पळायचं. पाठीचा काटा ढिला झाला, पण भाकरी कडाकड मोडायला लागली. तिने खोकं भरून बांधलं आणि उरलेल्या भाकरींसाठी पेल्यात पुन्हा बर्फ घातला.

एवढ्यात विरुपाक्ष फोन कानाला लावून आला. पलीकडे त्यांची लेक उत्कर्षा होती. "थर्मोस्टॅट मीच निवडला," तो तिला सांगत होता. "आता तुझ्या आईला काही बघावं लागत नाही. सगळं आपोआप!"

सिद्धेश्वरी उठली. तिने पेल्यातून मणी काढला. खट्ट. हीटर विझला. नवऱ्याच्या मोकळ्या हातात तिने तो गारढोण पेला ठेवला.

"ऱ्हायलेल्या भाकरी तुमी वाळवा आपोआप," ती म्हणाली. "मी खोकं बसमधी टाकते आन् तसंच भवानी पेठंत जाते. माजा थर्मोस्टॅट मी आणते."

तिने खोकं काखेत मारलं आणि रिक्षाला हात केला.