तपासणीच्या दिवशी लपवलेली बादली

मी बादली बोलतेय. आणि आज जरा मोठ्यानंच बोलणार आहे. दोन वर्षं मला ऐन वेळी कपाटामागे कोंबलं, तोंडावर पोतं टाकलं. आता माझी पाळी आहे, गुपचूप ऐका.

एका पत्रेवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. त्यानं पत्रा वाकवला, बुडाला रिबिटा ठोकल्या आणि बोटानं टिचकी मारून बघितली. मी अशी खणखणले की तो बायकोला म्हणाला, "हिचा आवाज फार. ही कुणाच्या घरात टिकायची नाही." माणूस खरं बोलला. मला नेलं एका रंगाऱ्यानं. त्यानं माझ्यात चुना कालवला, एका सार्वजनिक खोलीच्या चार भिंती रंगवल्या आणि मला तिथंच विसरून गेला. उपकारच केले म्हणायचे.

त्या खोलीला सगळे केंद्र म्हणतात. खोली एक, कामं तीन. सकाळी बालवाडी, मंगळवारी नर्सताईंचा दवाखाना, संध्याकाळी बायकांचा लिहायला-वाचायला शिकायचा वर्ग. वर गच्चीत पाण्याची टाकी, आणि तिचा पाइप छताच्या पोटातून खाली येतो. तोच कुठंतरी आत फुटला. गवंडी म्हणाला, छत फोडल्याशिवाय इलाज नाही, सळयासुद्धा गंजल्यात. ते आपल्या कुवतीतलं काम नव्हतं. मग गळतीखाली मला ठेवलं. अकरा वर्षं झाली, मी खोलीच्या मधोमध बसून आहे. तपासणीचे दोन दिवस तेवढे वगळा.

रिकामी बसले नाही हं मी. बालवाडीची पोरं माझ्यात पडणारे थेंब मोजत शंभरापर्यंत पोचली. नर्सताईंना कुणाची छाती तपासायची असली की त्या माझ्या बुडाशी फडकं टाकतात, नाहीतर ठोका कुठला आणि थेंब कुठला कळत नाही. आणि संध्याकाळच्या वर्गात बायकांच्या पाठी बसून मी अक्षरं शिकले. मला कुणी पाटी दिली नाही की शाबासकी दिली नाही. पण फळा माझ्या समोरच होता. शिकायचं असलं की शिकता येतं.

केंद्राची सगळी सूत्रं शिंपीणकाकूंच्या हातात. खोलीत खडूचा तुकडा पडलेला चालायचा नाही त्यांना. आरोग्य, शिक्षण, समाजसेवा अशा कामांना सरकारी निधी मिळतो, हे त्यांनीच शोधून काढलं. छताची दुरुस्ती हवी आणि नर्सताई आठवड्यातून दोनदा यायला हव्यात, असा अर्ज त्यांनीच पाठवला. मग तपासनीस साहेब येणार असं कळलं, आणि काकूंच्या अंगात आलं.

आदल्या दिवसापासून टाकीचा कॉक बंद. छतावरच्या ओल्या डागावर चुना. खिडकीला नवे पडदे, स्वतः शिवलेले. शेजारच्या खुर्च्या, शेजारच्याच कपबश्या. आणि मी कपाटामागे. साहेब आले, चहा प्यायले, वर बघितलं, "वा" म्हणाले. महिन्याभरानं पत्र आलं. स्थिती समाधानकारक, निधीची गरज दिसत नाही.

काकूंनी त्यातून काय धडा घ्यावा? त्यांना वाटलं, साफसफाई कमी पडली! दुसऱ्या वर्षी फरशी इतकी घासली की साहेब दारातच घसरले. त्या खेपेच्या पत्रात तर कौतुक होतं. असं नीटनेटकं केंद्र दुसरं पाहिलं नाही, म्हणे. काकूंनी ते वाक्य चार जणींना वाचून दाखवलं. खालची नकाराची ओळ नंतर दिसली.

मी कपाटामागून सगळं ओळखलं होतं. पण माझं बोलणं थेंबाच्या हातात, आणि थेंब काकूंच्या हातात.

यंदाचा अर्ज शेवटचा होता. आता नकार आला तर केंद्र यादीतून जाणार, आणि नर्सताईंचा मंगळवारही बंद. पुढचा दवाखाना दोन बस बदलून. पोटुशी बाई काय, दमेकरी म्हातारा काय, सगळ्यांनी तिथं जायचं.

एका मंगळवारी संध्याकाळी वर्गात वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून मावशीनं निधीची फाइलच उघडली. मावशी चार घरची भांडी घासून वर्गाला येते, अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचते. "स्थि-ती स-मा-धा-न-का-रक," तिनं वाचलं आणि मान वर केली. "काकू, सगळं समाधानकारक आहे तर आपण मागतोय काय?"

खोलीत फक्त मी वाजत होते.

काकू फणकारल्या. चारचौघांत आपली गळकी बाजू उघडी करायची का, परक्या माणसासमोर अब्रू काढायची का, असं बरंच बोलल्या. मावशी म्हणाली, "डॉक्टरकडे जाताना आपण पावडर लावून ताप लपवतो का?"

"लपवतात की," नर्सताई कोपऱ्यातून म्हणाल्या. "माझ्याकडे येऊन निम्म्या जणी सांगतात, काही नाही हो, सहज आले."

सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत. पण मी जागेवरच राहायचं, असं ठरलं.

तपासणीचा दिवस मंगळवारच निघाला. साहेब आले, माझ्या शेजारीच बसले. मी तयार होते. पत्रा न् पत्रा ताणून बसले होते. आणि थेंब पडेना! एक मिनिट गेलं, दोन गेली. साहेबांनी कोरडं छत बघितलं, कोरडी मी बघितली, पेन काढलं. "छान ठेवलंय हो केंद्र," म्हणाले. मावशीनं काकूंकडे बघितलं. काकूंचा चेहरा पांढराफटक. अगं बाई, हातानं सवयीनं आपलं काम केलं होतं. सकाळी कॉक बंद!

तेवढ्यात काकू उठल्या. "लिहू नका साहेब," त्या म्हणाल्या. "जरा थांबा." आणि साठी उलटलेली ती बाई पदर खोचून गच्चीच्या पायऱ्या चढली. मी तर देवाला नाही, पाइपाला हात जोडत होते. पड रे बाबा, एकदाचा पड.

टण्ण!

पत्रेवाल्याच्या दुकानात वाजले होते, त्यानंतर अशी त्याच दिवशी वाजले. दुसरा थेंब साहेबांच्या फाइलवर. तिसरा पुन्हा माझ्यात. साहेबांनी खुर्ची सरकवली. नर्सताईंना एका आजोबांची छाती तपासायची होती, त्यांनी नेहमीसारखं माझ्यात फडकं टाकलं, आणि साहेब ते फडकं बघतच राहिले.

काकू धापा टाकत खाली आल्या. "दोन वर्षं हिला मी लपवली," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "छतावर चुनाही मीच लावला."

"का पण?"

"लाज वाटली, साहेब."

साहेब मागचं पान उलटून पुष्कळ वेळ लिहीत बसले. त्या दिवशी चहा कुणाला आठवलाच नाही.

काल पत्र आलं. मावशीनं वाचलं, बोट न ठेवता! छताचं काम मंजूर, आणि नर्सताई आता मंगळवारी आणि शुक्रवारी. काकूंनी पत्र तिच्या हातातून घेतलं, पुन्हा वाचलं, आणि जाता जाता माझ्या कडेवरून हात फिरवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्याही गावात, गल्लीत एखादी शाळा, एखादा दवाखाना असेल. कपाटामागं माझी एखादी बहीणही असेल. मागायला जाताना तिला पुढे ठेवा. लाज तिची नाही, गळक्या छताची आहे.

आता माझं काय, असं विचारताय? गवंडी आलाय. छत बुजवायचा माल कालवायला त्याला भांडं हवंय, आणि काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलंय. ज्या भोकाखाली मी जन्म काढला, ते माझ्यातल्याच मालानं बुजणार! चला, उचला मला. गच्चीवर आजवर कधी गेले नाही मी.