स्पंजच्या खोलीतली सूरपेटी

मित्रांनो, मी एक जुनी सूरपेटी आहे आणि मला एकच काम येतं. गाणाऱ्याला सूर धरून द्यायचा. मोठ्या पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मला नाहीत. एक लाकडी खोकं, आत पितळेच्या पातळ जिभा, समोर हाताने हलवायचा भाता आणि बाजूला सूर निवडायच्या फिरक्या, एवढाच माझा संसार. भाता हलवला की मी एक सूर लावते आणि भाता थांबेपर्यंत सोडत नाही. आमच्या घरातला तबला मला मनातल्या मनात एककल्ली म्हणत असणार. म्हणो बापडा. त्याच्या शंभर बोलांपेक्षा माझा एक बोल खरा असतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. मला छाती नाही, भाता आहे, पण तुम्ही समजून घ्या.

मिरजेच्या एका कारागिराने मला सागवानात घडवलं. माझी एकेक जीभ तो कानाशी धरायचा, कानशीने जराशी घासायचा, पुन्हा कानाशी धरायचा. तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. आज वाटतं, त्याच्यासारखा कान देऊन ऐकणारं एखादं माणूस या घरात असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

कोल्हापूरच्या बसलिंगाप्पांनी मला विकत घेतलं. ते शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते आणि त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको शांतव्वा, संकेश्वरकडची. तिच्या आईने तिला वचनं शिकवली होती, म्हणजे शिवभक्तीची कानडी पदं. त्यांच्या चाली आईने स्वतः लावलेल्या होत्या. त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या, आईच्या गळ्यातून थेट लेकीच्या गळ्यात आल्या होत्या. पहिल्या संक्रांतीला मुलगा सुनेला पाटल्या आणेल, असं सासूबाईंना वाटलं होतं. मुलाने आणलं खोकं. "ह्ये काय हातात घालायचं व्हय?" असं त्या म्हणाल्या. शांतव्वाने मला जवळ ओढलं, भाता हलवला, डोळे मिटले आणि गायली. सासूबाई पाटल्या विसरल्या असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

शुक्रवार पेठेतल्या बोळात आमचं घर होतं. पुढे ओसरीसारखा सोपा, शहाबादी फरशी, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर कौलं. त्या सोप्यात माझा सूर भिंतीला लागायचा, कौलांना शिवायचा आणि गोल होऊन परत यायचा. सकाळी चहा झाला की शांतव्वा डावा हात माझ्या भात्यावर ठेवायची आणि उजव्या हाताने मांडीवर ताल धरायची. बोळातल्या मुली शिकायला यायच्या. सोमवारी मठात भजन असायचं तिथेही मी जायचे, आणि लोक म्हणायचे, शांतव्वाचा सूर म्हणजे सूर. माझं नाव कुणी घेत नसे. पण मित्रांनो, दोन सूर जवळ आले आणि जरासे चुकले तर मध्ये एक थरथर उमटते, आणि तंतोतंत जुळले की ती थांबते. शांतव्वाचा आवाज माझ्या सुराला टेकला की थरथर थांबायची. ते मला कळायचं. तेवढी शाबासकी मला पुरायची.

वर्षं गेली. बसलिंगाप्पा गेले. मुलगा शशिधर तबला शिकवू लागला, सून स्वप्नाली पेटी वाजवायची, नात रक्षिता गाऊ लागली. शांतव्वाच्या आवाजाला वयाचं थोडं जाडपण आलं, पट्टी खाली उतरली, म्हणून तिने माझी दुसरी फिरकी उघडली. थरथर मात्र तशीच थांबत होती.

मग समोरच्या जुन्या घराची जागा एका अपार्टमेंटने घेतली. तिथल्या लोकांना सकाळी वचनं नकोत आणि संध्याकाळी तबला नको. आमचं घरही गळायला लागलं होतं. शशिधरने ठरवलं, घर नव्याने करायचं आणि त्यात अव्वासाठी गाण्याची खास खोली करायची. लेकाने आईसाठी खोली बांधावी, यात वाईट काय? मला तर अभिमान वाटला होता. मेली माझी अक्कल.

घराचं काम चाललं तोवर आम्ही कसबा बावड्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलो. मी चादरीत गुंडाळून माळ्यावर होते. परक्याच्या घरात कशाला आरडाओरडा, असं म्हणून शांतव्वा तिथे एकदाही गायली नाही, आणि मठही लांब पडला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एवढा काळ तिचा गळा कधीच गप्प राहिला नव्हता.

परत आलो तेव्हा घर ओळखूच येईना. कौलं गेली, स्लॅब आला. सोपा गेला, तिथे गाडी लावायची जागा झाली. आणि आत ती खोली. चारी भिंतींना काळ्या स्पंजचे टोकदार चौकोन, वर छतालाही तेच, खाली जाड गालिचा आणि फ्रीजसारखं गच्च बसणारं दार. शशिधरने इंटरनेटवर बघून, माहितगार माणूस बोलावून सगळं हौसेने केलं होतं. त्याचा तबला तिथे टकटकीत वाजायचा आणि तो खूश व्हायचा. रक्षिता तिथे कानांवर हेडफोन लावून गायची. त्यात यंत्र तिचा आवाज घुमवून तिच्या कानात परत घालायचं, त्यामुळे तिलाही काही खटकलं नाही. अव्वाच्या कानांना मात्र कुणी हेडफोन लावले नाहीत. म्हातारीला कशाला ते लचांड, असं सगळ्यांना वाटलं. हे सगळं मायेपोटीच झालं हो, म्हणून तर माझा जीव जळतो.

गृहप्रवेशाला जंगमस्वामी येऊन पूजा करून गेले. पुरणपोळी आणि कटाच्या आमटीचं जेवण झालं. हुपरीचे पाहुणे आले होते, मठातली मंडळी होती. जेवणं उरकल्यावर शशिधरने आईला हाताला धरून त्या खोलीत नेलं आणि गालिच्यावर बसवलं. "अव्वा, ही खोली तुझी. आता किती बी गा, कुणाची कटकट न्हाय." माणसं दाटीवाटीने बसली. दार लागलं.

शांतव्वाने भाता हलवला. मी सूर लावला आणि मित्रांनो, मी दचकले. सूर निघाला तो गेला. परत आलाच नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं. मला वाटलं माझीच जीभ तुटली. तेवढ्यात शांतव्वाने आवाज लावला. तो माझ्या सुराला टेकला आणि थरथर थांबली. अगदी पूर्वीसारखी. आवाज शाबूत होता! पण शांतव्वा ओळीच्या मध्येच थांबली. तिचा चेहरा उतरला.

"शशी, माझा आवाज कुठं गेला रं?"

"हाय की अव्वा. म्हण तू."

"न्हाय रं. तोंडातनं निघतोय आणि फुडं जाईना."

एवढं स्पष्ट ती बोलली. गाण्याच्या घरातली माणसं बसली होती सगळी, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. हुपरीचे पाहुणे म्हणाले, "सत्तरी वलांडली की म्हातारीनं. आता आवाज ऱ्हातोय व्हय?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शांतव्वानेही डोलावली. तिच्या आईचा आवाज असाच एका थंडीत बसला होता, तो पुन्हा उठला नव्हता. आपलीही वेळ आली, असं तिने त्या क्षणी मनाशी धरून घेतलं.

तरी तिने लगेच हार मानली नाही. रोज सकाळी ती त्या खोलीत यायची आणि दार लावून गायची. आवाज परत येत नाही म्हणून जोर लावायची. जोर लावला की गळा दुखायचा, आणि दुखला की तिला वाटायचं, बघ, गेलाच. स्वप्नाली हळदीच्या पाण्याच्या गुळण्या देऊ लागली, ज्येष्ठमध चघळायला देऊ लागली. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, तसं काही नाही, वयोमानाने होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गळ्याला सगळं दिलं, खोलीला कुणी विचारलं नाही.

मी काय करत होते? सूर धरत होते. ओरडून सांगावंसं वाटायचं की बाई, तू सुरात आहेस, भिंती तुझा आवाज पितात. पण मला एकच येतं, आणि तेही कुणी भाता हलवला तर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एकदा तिने मला कानाशी धरून बराच वेळ भाता हलवला आणि म्हणाली, "तुझाबी सूर गेला वाटतं गं. दोघी म्हाताऱ्या झालो." त्यात तिला थोडा दिलासा होता. आपण एकट्या नाही, असं तिला वाटत होतं.

एके दिवशी रक्षिता वही न घेता, हेडफोन न घेता, नुसतीच तिच्याजवळ येऊन बसली. आमच्याकडच्या मुली मुलांसारखंच 'येतो, जातो' बोलतात. ती म्हणाली, "अज्जी, तुझ्या आईच्या चाली मी शिकतो की. त्या दुसरीकडं कुठं मिळायच्या न्हाईत."

शांतव्वाने तिच्या तोंडावरून हात फिरवला. "बेसूर गळ्यानं शिकवू न्हाय बाळ. चुकीचं तुझ्या गळ्यात बसंल, मग निघायचं न्हाय."

"तू बेसूर न्हाईस गं अज्जी."

"तुला माया हाय म्हणून तसं वाटतंय."

शशिधर दारातून ऐकत होता. त्याला आईची दया आली. "ऱ्हाऊ दे अव्वा. गायलीस की जलमभर. आता आराम कर." त्याने हे इतक्या प्रेमाने म्हटलं की शांतव्वा मान डोलावून उठली. दुसऱ्या दिवसापासून ती खोलीत आली नाही. बोळातल्या मुलींना तिने दुसऱ्या क्लासला पाठवलं. मठात तर ती गृहप्रवेशापासूनच मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवत होती.

तिची मठातली मैत्रीण शालूबाई मात्र चिवट. ती एका दुपारी आली आणि त्या खोलीत पाय ठेवताच म्हणाली, "आई गं, हितं गुदमरतंय मला. घे ती पेटी आणि चल भाईर." शशिधर गाडी घेऊन गेला होता, म्हणून पुढची जागा रिकामी होती. उघडी जमीन, उघड्या भिंती, वर स्लॅब. तिथे दोघी पायरीवर बसल्या. शालूबाईने मला मांडीवर घेतलं आणि भाता हलवला.

मित्रांनो, माझा सूर भिंतीला लागला आणि परत आला! केवढ्या दिवसांनी मी स्वतःला ऐकलं. मी भरून वाजले. आता, म्हटलं, आता शांतव्वाला कळणार. एक ओळ म्हण, बाई. फक्त एक.

"अगं शांते, कसली खणखणीत हाय ही! तू तर म्हणत हुतीस हिचा सूर गेला."

शांतव्वा माझ्याकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला, स्वतः भाता हलवला, ऐकलं. मग हात काढून घेतला.

"ही चांगली हाय की," ती म्हणाली. "म्हंजे माझंच गेलं."

"म्हण की एक वळ. कोण हाय हितं ऐकायला?"

"नको शालू. एवढ्या चांगल्या सुराला खराब गळा कशाला लावू?"

मी जितकी छान वाजत होते तितकी तिची खात्री पटत होती. आयुष्यभर मी तिला आधार दिला, आणि शेवटी तिच्याविरुद्ध साक्ष दिली ती मीच. शालूबाईचा हात दुखला तेव्हा माझा सूर बंद पडला. मला तेव्हा तो बंद पडला याचंच बरं वाटलं.

आता मी त्याच खोलीत काचेच्या कपाटात आहे. शशिधरने आत छोटा दिवा बसवला आहे आणि पाहुणे आले की तो कौतुकाने दाखवतो, "ही आमच्या अव्वाची सूरपेटी." अव्वा शेजारी हसत उभी असते. रक्षिता मोबाईलवरून दुसरी गाणी बसवते आणि चांगली गाते. तिला दोष कसा देऊ?

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस म्हणालं, माझा आवाज गेला, मला आता जमत नाही, तर लगेच 'वय झालं' म्हणू नका. त्याला स्वयंपाकघरात न्या, जिन्यात न्या, अंगणात न्या आणि पुन्हा एकदा म्हणायला लावा. आपण मायेने बांधलेल्या खोलीकडेही एकदा संशयाने बघा. आणि कधी शुक्रवार पेठेत आलात तर माझ्यासाठी एवढं करा, रक्षिताला गाठून हे सांगा. पण लवकर या. परवा शांतव्वाने कपाट उघडून मला पुसलं. पुसता पुसता तिचे ओठ हलत होते, आवाज न करता ती आईची एक चाल मनात म्हणत होती. दुसऱ्या ओळीपाशी ती अडली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडली. मग फडक्याची घडी घातली, काच लावली आणि दिवा बंद करून ती निघून गेली.