वाऱ्याचा ठेका

रोहिणखेडच्या बाजारात चिंचेखालची जागा सत्यभामाबाईची. तिच्याआधी तिच्या सासूची. वांगी घ्यायची तर चिंचेखाली जायचं, हे आसपासच्या साऱ्या खेड्यांना पाठ. पण औंदा जिल्हा बोर्डाकडून बाजाराचा ठेका उकंडरावानं घेतला, अन् पहिल्याच बाजारी त्या सावलीत त्याच्या मेहुण्याचं कापडाचं दुकान!

"काकू, तुमी तिकडं नाल्याकाठी बसा," उकंडराव मिशीला पीळ देत म्हणाला.

"काऊन रे? तू पोटात असताना तुह्या मायले माह्या सासूच्याच वांग्याचे डोहाळे लागले व्हते. आता मिशी फुटली त मले उठवतं?"

तो फिदीफिदी हसला. त्याच्या माणसानं टोपली उचलून नाल्याकाठी आदळली.

शेजारी बांगड्या घेऊन बसणारी नूरबी मागोमाग आली. "इथं त कुत्रंबी फिरकत नाही, बाई. सारी वांगी बैलापुढं टाका लागतीन."

पण हार मानील ती सत्यभामाबाई कसली! तेवढ्यात उत्तरेचा थंड वारा सुटला. तिचा पदर थेट बाजाराकडे फडफडला. तिनं पदराकडे पाहिलं, मग बाजाराकडे.

"नूरबी, त्या वावराच्या धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या आण बरं."

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या भडकल्या. तिनं लांब हिरवी वांगी जाळावर टाकली, सोबत मिरच्या. सालं करपली अन् तो खमंग धूर वाऱ्यावर बसून बाजारात शिरला. पहाटेपासून पायी आलेली माणसं, शिदोरीत कोरडी भाकर. कोण थांबतं?

"वांगी घेईन त्याले भाजून फुकट!" तिनं हाळी दिली.

बघता बघता नाल्याकाठी पंगत बसली. बायकांनी बांगड्या भरायला नूरबीपुढे हात धरले. मग गूळवाला सरकला, तेलवाला सरकला. चिंचेखाली मेहुणा एकटाच लुगडी झटकत बसला. लुगड्यांनाही भरताचाच वास!

उन्हं कलायच्या आत उकंडराव आला. "काकू, बाजारच हलवला तुमी. चला, बसा चिंचेखाली."

"बाजाराचा ठेका तुहा. वाऱ्याचाबी घेतला काय बे?" पंगत खदखदली. रिकामी टोपली पालथी घालून ती वर पाटलिणीसारखी बसली. "मी नाही उठत आता. सावली द्याची असंन त चिंच आण इकडं!"

उकंडरावाची मान खाली. नाक मात्र जाळाकडे. तिनं शेवटचं वांगं सोललं अन् पळसाच्या पानावर त्याच्यापुढे सरकवलं.

"खाय. तुह्या मायनं बी असंच खाल्लं व्हतं."