माझ्यावर काढलेला बाण

मी एक जुना पांढरा फळा आहे. चाकांचा. एक चाक अडकतं, म्हणून मला ढकलणारा माणूस नेहमी थोडा डावीकडे जातो.

मित्रांनो, माझी गोष्ट सलग नाही. मला सारखं पुसतात. जे नीट पुसलं गेलं नाही, तेवढंच सांगतो.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पत्रा, त्यावर गुळगुळीत थर, चारी बाजूंनी पट्टी, आणि

(इथे पुसलं आहे.)

अमेरिकेतल्या नोव्हाय शहरात, एका ऑफिसात माझ्यावर मोटारींच्या सीटचे सांगाडे काढले जात. लोक माझ्यापुढे उभे राहून भांडत, मग माझा फोटो घेत. मला बरं वाटे. पुढे मोठे स्क्रीन आले आणि माझं तोंड भिंतीकडे झालं. तिथून मला सोडवलं चंद्रशेखर यांनी. ते त्याच ऑफिसातले इंजिनिअर, मूळचे कराडचे. मिनीव्हॅनची मागची सीट आडवी करून त्यांनी मला जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नेलं.

हे दोन वर्षांचं कॉलेज. इथून युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला जाता येतं. पण घरातलं कोणीच कधी कॉलेजात गेलेलं नसेल, तर कसं जायचं हे सांगणार कोण? अशा मुलांना चंद्रशेखर दर शनिवारी शिकवत. मनापासून शिकवत. मुलं त्यांना मिस्टर सी म्हणत.

त्यांत जानेल होती. संध्याकाळी वर्ग, सकाळी गाड्यांचे अ‍ॅक्सल बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट. कारखान्यात जिथे ड्रॉइंग बनतात, त्या खोलीत तिने आपल्यासारखी काळी मुलगी कधी पाहिली नव्हती. तिला त्या खोलीत बसायचं होतं.

एका शनिवारी तिने विचारलं, "कॅल्क्युलसवालं फिजिक्स सकाळी असतं, माझ्या शिफ्टच्या वेळी. संध्याकाळचं सोपं घेतलं तर चालेल?"

हे सांगणं नेत्राचं काम. नेत्रा इथेच जन्मलेली मराठी मुलगी, कॉलेजातली सल्लागार. तिची भेट पुढच्या आठवड्यात मिळणार होती. चंद्रशेखरांना तोवर राहवलं नाही. त्यांनी माझ्यावर दोन चौकोन काढले आणि मधे एक लांब बाण.

"मी डिप्लोमा केला आणि डायरेक्ट सेकंड इयरला गेलो. एकेक विषय कोणी तपासला नाही. तू इथली डिग्री पूर्ण कर, मार्क आण. फिजिक्स म्हणजे फिजिक्स."

जानेलने माझा फोटो घेतला. मला अभिमान वाटला. माझ्यावर लिहिलं की लोकांना ते खरं वाटतं, मित्रांनो. त्या अभिमानाची मला आता

(इथे कोणी पुसलं नाही. मीच थांबलो.)

वर्षभराने युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं. तिचं संध्याकाळचं फिजिक्स धरलं जाणार नव्हतं. इंजिनिअरिंगला प्रवेश नाही.

नेत्राने खोलीचं दार लावून घेतलं. "काका, इथे नुसती डिग्री नाही बघत, प्रत्येक कोर्स चेक करतात. माझ्याकडे का नाही पाठवलंत तिला?"

"अगं, मला वाटलं, आपल्याकडे जसं..."

"तुम्ही शुअर होतात. तोच प्रॉब्लेम आहे."

"तू सांगशील तिला?"

"नो, काका. तुम्ही सांगायचं."

त्यांनी सांगितलं. चूक माझी, असंही म्हणाले. जानेल जराही ओरडली नाही. तिने विचारलं, "तुम्ही इथल्या युनिव्हर्सिटीत शिकलात?"

"नाही."

"मग नेत्राला भेटेपर्यंत थांब, असं का नाही म्हणालात?"

ते डस्टर हातात घेऊन उभे राहिले. पुसायला माझ्यावर काहीच नव्हतं.

"अजून एक वर्ष, मिस्टर सी. आई म्हणते, जाऊ दे, कारखान्यात पगार बरा आहे. आज मलाही तसंच वाटतंय."

त्यानंतर ती येईनाशी झाली. चंद्रशेखर शिकवताना दाराकडे बघत आणि आकडे चुकत. मुलं चूक दाखवत, ते "थँक यू" म्हणत.

उन्हाळा संपल्यावर एका शनिवारी ती आली. हातात सकाळच्या वर्गाचं जाड पुस्तक. शिफ्ट बदलून घेतली होती, पगार कमी झाला होता. तिने मार्कर उचलला आणि माझ्यावर एक गणित सोडवलं.

"बरोबर की चूक, एवढंच सांगा. बाकीचं मी नेत्राला विचारते."

चंद्रशेखरांनी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. "बरोबर," ते म्हणाले. तिने पुसलं आणि पुढचं गणित घेतलं.

मित्रांनो, शेवटी मी म्हणायला हवं की मला जपा, स्वच्छ ठेवा. ते राहू द्या. तुम्ही मोठे झालात की कोणीतरी तुम्हाला वाट विचारेल. आपण आलो तीच वाट सांगावीशी वाटेल. माहीत नसेल तर तसं म्हणा, आणि ज्याला माहीत आहे त्याच्या दारापर्यंत त्या मुलाबरोबर चालत जा.

जानेलचा अर्ज पुन्हा गेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. वर्गातली मुलं तिला दर शनिवारी विचारतात. चंद्रशेखर विचारत नाहीत. मान खाली घालून ते मार्करची टोपणं लावत राहतात, ती उत्तर देईपर्यंत.